बायहूम सर

रिटायर झालेले इंग्रजीचे एक तरी सर प्रत्येक सोसायटीत असतातच. तुमच्याकडचे वॉचमनच्या रजिस्टरमधली स्पेलिंगं सुधारत असतील. आमच्याकडच्यांचं दुखणं वेगळं. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ता गाळला की त्यांचं लाल पेन बाहेर येतं आणि समासात उमटतं, 'बाय हूम?'

लिफ्टमध्ये नोटीस लागली, 'वॉटर सप्लाय विल बी स्टॉप्ड.' संध्याकाळपर्यंत खाली लाल शाई: बाय हूम? काकू एकदा नुसतं "कप फुटला" म्हणाल्या, तर मराठीलाही तोच प्रश्न. त्या रात्री सर आमच्याकडे जेवले.

माझा नववीतला भाचा घरच्यांबरोबर अजिंठा बघून आला आणि 'टुरिस्ट मॅनर्स'वरचा निबंध घेऊन सरांच्या तावडीत सापडला. 'टुरिस्ट्स शुड नॉट टू शाऊट'मधला 'टू' उडाला. 'लास्ट मंथ वुई हॅव गॉन'चं 'वुई वेंट' झालं. इथवर ठीक. पुढे होतं, 'फ्लॅश इज युज्ड. नेम्स इज रिटन ऑन वॉल. बॉटल्स इज थ्रोन.' सरांनी दोन 'इज'चे 'आर' केले, 'वॉल'आधी 'द' खोचला आणि तिन्ही वाक्यांसमोर लिहिलं: बाय हूम? बाय हूम? बाय हूम?

"सर, कोणीतरी..."

"कोणीतरी म्हणजे कोण? दहाव्या लेण्यात 1819 साली जॉन स्मिथने खांबावर नाव खरवडलं, तेही तारखेसकट! साहेब मॅनर्स विसरला, कर्ता नाही विसरला. आपल्याकडे कचरा टाकला जातो, भिंती रंगवल्या जातात, चौकशी केली जाते. करतो कोण? कोणीच नाही!"

भाच्याने पुन्हा लिहिलं, 'माय फादर थ्रो बॉटल फ्रॉम बस.' फर्दापूरजवळ गाडी ठेवून लेण्यांकडे जावं लागतं ना, ती बस.

भाऊजी तणतणत आले. "इंग्रजी सुधारायला पाठवलं होतं, बापाची चुगली करायला नाही!"

मी वही पाहिली. 'थ्रो'चं 'थ्रू' झालं नव्हतं, 'द'चा पत्ता नव्हता, तरी लाल पेनाचा ओरखडाही नाही. खाली फक्त 'गुड'. हा माणूस चूक सोडू शकतो, हे मला तेव्हा कळलं. सर थोडे आवडलेही. पण हे त्यांच्या कानावर जाता कामा नये.

"शिकवणी बंद करण्याचा निर्णय घेण्यात आलाय," भाऊजींनी जाहीर केलं.

"बाय हूम?" भाच्याने विचारलं.

शिकवणी चालू आहे. फी मी भरतो.