पाणीसाहेब

लग्नाच्या मांडवात सगळे अक्षता घेऊन उभे असतात तेव्हा आमचे पाणीसाहेब मंगल कार्यालयाच्या गच्चीकडे बघत असतात. टाकी किती हजारांची, ओव्हरफ्लो कुठे सोडलाय, जोडणी अर्ध्या इंचाची असून एवढं पाणी येतं कुठून, हा हिशेब शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत पुरा होतो. मग ते नवरानवरीच्या हातात पाकीट देतात आणि कार्यालयाच्या मालकाला म्हणतात, "कार्य झकास झालं. सोमवारी मीटर बघायला माणूस पाठवतो."

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचे ते अभियंता. गावात त्यांचं खरं आडनाव फार थोड्यांना माहीत असेल. त्यांच्या लेखी जगात पाणी दोनच प्रकारचं: आपसूक खाली येणारं आणि वर चढवावं लागणारं. पहिल्याला खर्च नाही, दुसऱ्याचं वीजबिल येतं. माणसांचीही वाटणी त्यांनी तशीच करून टाकलेली आहे. न सांगता काम करणारा तो 'ग्रॅव्हिटीचा', आणि ज्याला रोज मागून ढकलावं लागतं तो 'पंपिंगचा'. माझी नोंद कोणत्या खात्यात आहे हे मी कधी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं.

आमचं गाव वाढलं. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, 'क' वर्गातून 'ब' वर्गात गेली, शेतांच्या सोसायट्या झाल्या. पाणीपुरवठा विभाग मात्र होता तिथेच राहिला: उंच टाकीच्या खांबांमध्ये विटा रचून केलेल्या खोलीत. गावात त्याला 'टाकीखाली' म्हणतात. पाणीपट्टी भरायचीय? टाकीखाली जा. नळ हवाय? टाकीखाली अर्ज दे. टाकी भरली की ओव्हरफ्लो थेट ऑफिसच्या पत्र्यावर कोसळायचा. मोठे लिपिक रजिस्टर मिटून छातीशी धरायचे आणि ओरडायचे, "अरे, पंप बंद करायला सांगा!" टाकीतली पातळी दाखवणारं यंत्र बसवायचा प्रस्ताव एकदा गेला होता. 'सद्यस्थितीत कार्यालयात आवाज येत असल्याने आवश्यकता नाही' असा शेरा मारून तो परत आला.

शेवटी नळजोडण्यांची रजिस्टरं खोलीत मावेनात आणि लोक खांबांना टेकून अर्ज लिहू लागले, तेव्हा सर्वसाधारण सभेने स्वतंत्र इमारतीचा ठराव केला. बांधकाम विभागातला आरेखक म्हणून नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. एक हॉल, चार खोल्या, पुढे पोर्च, मागे स्वच्छतागृह: दोन दिवसांचं काम, असं मी धरून चाललो होतो.

साहेबांनी टेबलावर एक जाडजूड ग्रंथ आपटला. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेचं 1999 चं मॅन्युअल. देशभरातल्या पाणीयोजना त्यावर बेतत. त्यात लिहिलेलं: शहरात भुयारी गटार असेल तर माणशी रोज 135 लिटर, नसेल तर 70. धरण 50 वर्षांचा विचार करून बांधायचं, वितरणाचं जाळं 30 वर्षांचा, पंप 15 वर्षांचा.

"ऑफिस म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "इमारत."

"वितरणाचं जाळं. तीस वर्षं. आधी लोकसंख्या काढा."

गावाची लोकसंख्या काढणं सोपं नव्हतं. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून पाया 2011 चा. त्यावर अंकगणिती पद्धत, भूमितीय पद्धत आणि वाढीतल्या वाढीची पद्धत लावून साहेबांनी तीन वेगवेगळी गावं तयार केली आणि त्यांची सरासरी काढून चौथं. मग त्याच पद्धतीने कर्मचारी मोजायला घेतले. आस्थापना लिपिकाने मंजूर आकृतिबंध आणि भरलेली पदं पुढे ठेवली. दरवर्षी कोणी ना कोणी निवृत्त होतं, भरती होत नाही. साहेबांनी आलेखाच्या कागदावर टिंबं जोडत रेषा पुढे नेली. ती खाली खाली येत 2040 च्या अलीकडेच तळाला टेकली.

खोलीत शांतता. मोठे लिपिक म्हणाले, "म्हणजे इमारत ऐन उमेदीत येईल तेव्हा आत कोणीच नसणार."

"पाण्याची मागणीही राहणार नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "भारतीय मानकाप्रमाणे ऑफिसात माणशी 45 लिटर. शून्य गुणिले पंचेचाळीस." त्यांनी खरोखर तसं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पान उलटलं. "कर्मचारी आटतील. गिऱ्हाईक वाढणार. खिडक्या किती?"

खिडक्यांना त्यांनी पीक फॅक्टर लावला. पन्नास हजार ते दोन लाखांच्या गावात सगळे एकाच वेळी नळ सोडतात असं धरून सरासरीच्या अडीच पट पाणी जाईल एवढी नळी टाकतात. तेवढंच रांगेचं. मी म्हटलं, "साहेब, अडीच पट गर्दी कधी होते?" त्यांनी दोन तारखा सांगितल्या. एक 31 मार्च. दुसरी नगरपरिषद निवडणुकीचे अर्ज भरायचा आठवडा. वसुली पथक दारात उभं राहिलं तरी ज्यांनी पाणीपट्टी भरली नाही, अभय योजनेतली दंडमाफीही ज्यांना मोहवू शकली नाही, अशी मातब्बर मंडळी त्या आठवड्यात 'थकबाकी नाही'च्या दाखल्यासाठी टाकीखाली उन्हात उभी असतात, आणि मागचा पुढच्याला म्हणतो, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे." साहेबांनी दाखल्यासाठी वेगळी खिडकी काढली आणि तिच्यापुढे सावली करायची नाही अशी मला तोंडी सूचना दिली.

मग नळ्यांचं सगळं शास्त्र नकाशात उतरू लागलं. एका टोकाला बंद होणारी मार्गिका त्यांनी खोडली. "डेड एंड. पाणी साचतं, वास मारतो." मला वाटलं ते अतिशयोक्ती करतायत, पण जुन्या नगरपरिषदेत त्या टोकाला कोण बसतं ते आठवून मी गप्प बसलो. मार्गिकेच्या सगळ्यात खालच्या बाजूला मागचं दार काढलं, त्याला नाव 'स्कॉअर', म्हणजे साचलेला गाळ बाहेर सोडायची वाट. फाइल लेखा विभागात गेली की उलटी येऊ नये म्हणून तिथे एकाच बाजूने उघडणारी झडप सुचवली. लेखापालांनी लेखी हरकत घेतली की फाइल परत पाठवणं हेच त्यांचं काम आहे. सभापतींचं दालन सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तिथे साहेबांनी छताजवळ मोठी जाळी दाखवली.

"ही कशाला?"

"उंचावर हवा साचते," ते म्हणाले. "एअर व्हॉल्व्ह द्यावाच लागतो. नाहीतर खालचं पाणी अडतं."

खरी लढाई झाली कपाटांवर. प्रत्येकाला कपाट हवं होतं, कुलपाचं, स्वतःच्या पाठीमागे. साहेबांनी सरसकट खोडली. कराडजवळच्या मलकापूरचं उदाहरण दिलं: मीटर बसवले, चोवीस तास पाणी दिलं. "पाणी कधीही येणार हे कळलं की माणूस साठवत नाही. फाइल कधीही मिळणार हे कळलं की कपाट लागत नाही. कपाट म्हणजे पुरवठ्यावरचा अविश्वास."

मोठे लिपिक नम्रपणे म्हणाले, "साहेब, आपल्या घरी पिंपं किती?"

साहेब जरा थांबले. "आमच्या भागाला एक दिवसाआड येतं."

कपाटं परत नकाशात आली.

एवढं वाचून कोणी साहेबांना विक्षिप्त म्हणेल, तर त्याने नकाशातला तळमजला पाहावा. ब्लीचिंग पावडरची, म्हणजे आमच्या भाषेत टीसीएलची खोली मी रेकॉर्डशेजारी काढली होती. ती त्यांनी थेट कुंपणाजवळ नेली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिच्या वाफेने लोखंड गंजतं, कागद खाल्ला जातो, आणि पोती फार दिवस पडली तर पावडरीतला क्लोरीनच उडून जातो, म्हणून खोली मुद्दाम लहान. प्लास्टिकचे पाइप उन्हात राहिले तर चिवटपणा घालवतात, म्हणून यार्डाला पत्रा. गळतीवर जाणारी गाडी रिव्हर्स न घेता सुटली पाहिजे, म्हणून दोन फाटकं. मीटर वाचायला ऊन तुडवणाऱ्या मुलींसाठी पुढच्याच बाजूला स्वच्छतागृह, "मागे काढलं तर त्याचं गोडाऊन होतं." तक्रारीची खोली रस्त्याला लागून, रात्री दिवा दिसेल अशी. आणि प्रयोगशाळेत ओटी चाचणीच्या टेबलाला खिडकीचा उजेड. उरलेला क्लोरीन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम आहे की नाही हे पिवळ्या रंगाच्या छटेवरून ठरवायचं, ते ट्यूबलाइटखाली कसं कळणार?

तळमजल्यावर आणखी एक खोली होती. तीन मीटर बाय तीन मीटर, साहेबांच्या दालनाच्या बरोबर शेजारी. नाव घातलं होतं, 'वॉलमन'.

व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडणाऱ्या आमच्या वॉलमनना सगळे मामा म्हणतात. खांद्यावर लोखंडी चावी, पायात रबरी चप्पल, पहाटे साडेतीनला गावात. विभागाकडे जाळ्याचा नकाशा आहे, पण तो मूळ योजनेचा. त्यानंतर गावात जेवढं वाढलं ते मामांनी वाढवलं, आणि जेवढे व्हॉल्व्ह होते ते रस्त्याच्या डांबराने थरावर थर देत झाकले. कुठली लाइन फुटली तर मामा डोळे मिटतात आणि बोलतात: "मारुतीच्या पाराच्या पश्चिमेला तीन पावलं, सहा इंची, उलट्या आट्याचा. साडेसात फेऱ्या दे, आठवी देऊ नको." आठवी दिली तर काय होतं हे गावाने एकदा पाहिलं आहे. मामा दोन वर्षांत निवृत्त होणार होते.

नकाशा समितीसमोर गेला. एका सदस्याला इमारत आपल्या प्रभागात हवी होती. दुसऱ्याने ईशान्येला पाणी पाहिजे असं सांगितलं. साहेब म्हणाले, जागेचा उतार नैर्ऋत्येला आहे आणि पाण्याने वास्तुशास्त्र वाचलेलं नाही. तरी हे सगळं निभावलं. अडलं ते मामांच्या खोलीवर. "वॉलमनला केबिन? उद्या शिपाई मागेल." लेखा विभागाने तर नियमच दाखवला: 'सदर पदास स्वतंत्र दालन अनुज्ञेय नाही.' साहेबांनी काहीच युक्तिवाद केला नाही. मला आश्चर्य वाटलं. ज्यांनी कपाटांवर चार बैठका घालवल्या, ते इथे एका वाक्यात उठले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "ती खोली राहू दे. नाव बदला."

"काय घालू?"

"व्हॉल्व्ह चेंबर."

मी घातलं. समितीने पाहिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पाणीपुरवठ्याच्या इमारतीत व्हॉल्व्ह चेंबर असायला कोणाची हरकत असणार? दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतभर नकाशा टांगायला खिळ्यांची पट्टी, खिडकी आणि पंखा, सगळं अंदाजपत्रकात त्याच नावाखाली गेलं. दुसरी खुर्ची माझी होती हे मला तेव्हा कळलं.

तांत्रिक मान्यतेला मात्र तिथल्या एका चौकस अधिकाऱ्याने बोट ठेवलं: 'व्हॉल्व्ह चेंबरमध्ये खिडकी, पंखा व दोन खुर्च्या यांचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

साहेबांनी उत्तर स्वतः लिहिलं, एरवी मला सांगतात. 'सदर व्हॉल्व्ह जुना असून उलट्या आट्याचा आहे. तो जबरदस्तीने उघडत नाही. चहा लागतो व वेळ लागतो. उघडल्यावर जे येईल ते लिहून घेण्यास समोर एक माणूस बसवणे आवश्यक आहे. दोन वर्षांनंतर हा व्हॉल्व्ह बाजारात मिळणार नाही.'

पंधरा दिवसांनी मान्यता आली. पंखा मंजूर झाला होता, आणि अंदाजपत्रकात नसलेली एक किटली वाढवून.