स्किप झालं म्हणजे नेमकं काय झालं?

सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पुढे नुकसानीच्या अनुदानाच्या याद्या लागल्या, तेव्हापासून ‘स्किप’ या शब्दानं आमचं डोकं उठवलं आहे. यादीत नाव का नाही म्हणून कार्यालयात विचारायला गेलं की टेबलापलीकडून उत्तर मिळतं, “काका, तुमचं नाव स्किप झालंय.”

झालंय म्हणजे कुणी केलं? मुद्दाम, की नजरचुकीनं? शब्द काही सांगत नाही. मोबाइलवर जाहिरात स्किप करताना निदान बोट आपलं असतं.

मराठीत यातली प्रत्येक गोष्ट वेगळी सांगता येते. टाइप करताना सुटलं, तर नाव गळालं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला नाही किंवा नुकसान 33 टक्क्यांच्या आत भरलं म्हणून नियमात बसलं नाही, तर वगळलं. शेजारच्या धुऱ्यापर्यंत पंचनामा झाला आणि आपल्या बांधावर कुणी आलंच नाही, तर डावललं. पोरं गणिताचा तास बुडवायची, आता तोही स्किप करतात. बुडवला म्हटलं की नुकसान कुणाचं, ते तरी कळायचं.

हा भाषेचा हट्ट नाही. जसं कारण, तसा उपाय. गळालेलं नाव सातबारा आणि आधार दाखवून घालून घेता येतं. वगळलेल्यानं मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मागायची असते. डावललेल्यानं वर लेखी तक्रार करायची असते. स्किप झालेल्यानं काय करायचं? त्याला “पुढच्या यादीत बघा” एवढंच ऐकवतात. पालम-गंगाखेडकडच्या माणसाचा त्या फेरीत एक दिवस मोडतो, रोजगार बुडतो, एसटीचं भाडं वेगळंच.

म्हणून मागणी साधी आहे. ज्यांची नावं आली नाहीत त्यांचीही यादी लावा आणि प्रत्येक नावापुढे कारणाचा रकाना ठेवा. पंचनामा नाही, पाऊस कमी, सामायिक खात्याचं संमतीपत्र नाही, टाइप करताना सुटलं, जे असेल ते मराठीत लिहा. नाही म्हणायचा अधिकार कार्यालयाला जरूर आहे, पण का नाही ते कळण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे.