आदर्श कर्मचारी

खर्चकपातीच्या या काळात प्रत्येक कार्यालयानं इंग्रजीतल्या 'रन' या क्रियापदाची तसबीर दर्शनी भिंतीवर लावावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी या क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ मोजले आहेत. म्हणजे ६४५ कामं आणि मंजूर पद एकच! नळ असो वा नाक, बस असो वा दुकान, धुण्यात जाणारा साडीचा रंग असो वा संगणकातला प्रोग्राम, सगळीकडे ड्यूटीवर हेच. ओव्हरटाइम नाही, युनियन नाही.

पूर्वी हा मान 'सेट'कडे होता. १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद त्याची होती. पण एकदा सेट झालेला माणूस काम करतो कुठं? बढती पळणाऱ्याला मिळाली, हे योग्यच झालं.

याच धोरणानुसार उरलेल्या क्रियापदांना तातडीनं स्वेच्छानिवृत्ती द्यावी. 'खाणे' तेवढं राहू द्यावं. सरकारी कामकाज अडायला नको.

एका मुद्द्यावर मात्र इंग्रजी जगतात एकमत नाही. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार 'पळतो', ब्रिटनमधला 'उभा राहतो'. महाराष्ट्रानं हा वाद सामोपचारानं मिटवला आहे. आपला उमेदवार मतदानापर्यंत उभा राहतो आणि निवडून आल्यावर पळतो. कुठल्या राज्यात, ते हॉटेलचं बुकिंग झाल्यावर जाहीर होतं.