हब गरम आहे का?

अमेरिकेत मराठी मंडळाच्या सहलीला गेलात तर एक काका हमखास ट्रेलरखाली सापडतात. दिसतात ते फक्त पाय, आणि पायांत सेफ्टी शूज. चपला घालून काका पान्याला हातही लावत नाहीत. उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर गेली, उरलेली ओहायोत. निवृत्त झाल्यावर काकूंना यलोस्टोन दाखवायचं म्हणून हा ट्रेलर घेतला. यलोस्टोन अजून राहिलंय. ॲक्सल मात्र काकूंनी सगळ्या बाजूंनी पाहिलाय.

खाली शिरण्याआधीचा विधीच अर्ध्या तासाचा. चाकांना ठोकळे, मग जॅक. तोही चासीला, ॲक्सलच्या नळीला नाही, कारण नळी वाकते. मग खाली लोखंडी घोड्या. "जॅक उचलायला असतो रे, भरवसा ठेवायला नाही," हे वाक्य ऐकल्याशिवाय मंडळातल्या कुणाला टॉर्च धरायला मिळत नाही.

ग्रीसच्या बाबतीत काकांचं सोवळं आजीच्या स्वयंपाकघराहून कडक. दोन प्रकारचं ग्रीस एकत्र करायचं नाही. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी बेअरिंग काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. ट्रेलर वर्षात १२,००० मैल जात नाही, १२० जातो. पण वर्ष तर होतं ना! एकदा एक तरुण म्हणाला, "काका, ॲक्सलच्या टोकाला ग्रीस निपल आहे की, ग्रीसगनने मारा आणि मोकळे व्हा." काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "मार. दणकून मार. मागचं सील जाईल, ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये उतरेल, लायनिंगवर बसेल. मग उतारावर ब्रेक दाब आणि मारुतीस्तोत्र म्हण."

ब्रेकचा विषय निघाला की मात्र काकांचा आवाज मऊ होतो. "आत चुंबक असतो. गाडीतून करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो. ड्रम त्याला ओढत नेतो, त्या ओढीने तरफ हलते आणि ब्रेकचे शूज फाकतात. कळलं का? चाकाच्याच जोराने चाक थांबतं!" एवढं सुंदर काही ऐकूनही लोक मिसळीच्या रांगेकडे कसे बघू शकतात, हे काकांना कळत नाही.

ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर एक तार ताणली जाते, पिन उपसली जाते आणि ट्रेलरवरची बॅटरी आपणहून ब्रेक लावते. काका निघण्याआधी ही पिन उपसून बघतात. त्याआधी गाडीला जोडलेली वायर सोडवतात, नाहीतर कंट्रोलर जळायचा. हे सगळं होईस्तोवर काकूंचा चहा दोनदा गार होतो. मला विचाराल तर रस्त्यावर मला याच माणसाच्या मागे गाडी चालवायला आवडेल. पुढे प्रवासी म्हणून बसायला नाही.

कारण चाकं काढून बसवली की नट १० मैलांवर, मग २५ वर, मग ५० वर पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे असतात. काका तपासतात. शिवाय प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून चारही हबचं तापमान वहीत लिहितात. एखादा इतरांपेक्षा जास्त तापला की बेअरिंग किंवा ब्रेक, कुठेतरी घासतंय. गेल्या खेपेला एका भल्या ट्रकवाल्याने गाडी थांबवून विचारलं, काय तुटलंय? काका दुखावले. "काही तुटू नये म्हणूनच थांबलोय!"

कॅम्पवर पोचेपर्यंत सहल निम्मी संपलेली असते. बाकीचे शेकोटीभोवती अंताक्षरी खेळतात आणि काका टॉर्च घेऊन परक्या लोकांच्या ट्रेलरांचे टायर वाचत हिंडतात. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. "तुमचा टायर २०१४ च्या चाळिसाव्या आठवड्यातला आहे," असं रात्री नऊ वाजता सांगणाऱ्या माणसाचं स्वागत कसं होणार? बहुतेक ठिकाणी दार लागतं. पण गेल्या वेळी एक टेक्सासचे आजोबा उलट आत गेले आणि आपला थर्मामीटर घेऊन बाहेर आले. दोघांनी एकाच हबवर दोन्ही रोखले. दोन्ही आकड्यांत दोन अंशांचा फरक निघाला. मग कुणाचा बरोबर, यावर वाद सुरू झाला.

काकूंनी आजोबांच्या बायकोला पोह्यांची बशी दिली आणि विचारलं, "तुम्ही तरी यलोस्टोन पाहिलंत का?"

"छे," त्या म्हणाल्या, "आमचे अजून ब्रेक ॲडजस्ट व्हायचेत."