बायोडाट्याची रिकव्हरी

आमच्या जयसिंगपुरात बायोडाटा दोनच कामांसाठी करतात, लग्नासाठी आणि नोकरीसाठी. दोन्ही एकाच डीटीपीवाल्याकडं होतात. त्याच्या कॉम्प्युटरवर दोन फोल्डर आहेत आणि लगीनसराईच्या गर्दीत एकातली फाईल दुसऱ्यात जाते. आमच्या पुतण्याचं तसंच झालं. पुण्याच्या एका कंपनीला त्याचा जो बायोडाटा गेला त्यात वर 'श्री गणेश प्रसन्न', खाली रास, नाडी, देवक, मामाचं गाव आणि शेवटी 'अपेक्षा : अनुरूप' एवढंच होतं. त्या महिन्यात त्यानं चाळीस अर्ज टाकले होते. उत्तर आलं ते या एकट्या अर्जाला. एचआरच्या बाईंनी स्वतः फोन करून विचारलं, "बागायत किती एकर आहे?" कंपनीत जागा नव्हती, पण बाईंना धाकटी बहीण होती.

पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर. तीन वर्षं पुण्याकडं एका कारखान्यात होता. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं, त्याच्या कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या आणि दिवाळीला बोनसच्या जागी पत्र आलं. टॅरिफच्या आधी महिनाभर टीसीएसनं बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं. त्यामुळं "आयटीत जा की" म्हणणारे पाहुणेही गप्प झाले होते. एरवी कोल्हापूरचा पाहुणा सल्ल्याच्या बाबतीत इतका गप्प फक्त अंत्यविधीला असतो.

पोरगं घरी आलं आणि बायोडाट्याला लागलं. नोकरी शोधणं हेही आठ तासांचं काम असतं असं कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलंय म्हणे. पहिला दिवस फोटोत गेला, दुसरा फाँटमध्ये. तिसऱ्या दिवशी पत्त्यावर गाडी अडली. आमचं गाव राजर्षी शाहू महाराजांनी आखून वसवलं आणि वडलांचं, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं, नाव दिलं. काटकोनात रस्ते, गल्ल्यांना आकडे. खरं तर हे गावच एक नीट मांडलेला बायोडाटा आहे. पण ऑनलाईन फॉर्मला 'गल्ली नं.' मान्य नाही, त्याला 'स्ट्रीट' लागतो. पोरानं 'स्ट्रीट नंबर नाईन' लिहिलं. आता आमच्या पोस्टमनला तो कुणी परदेशातला वाटतो.

माझा थोरला भाऊ, म्हणजे या पोराचा बाप, चार दिवस हे मुकाट बघत होता. दादाची उदगावकडच्या मळीत जमीन, पीक ऊस. दुसरं पीक असतं यावर त्याचा विश्वास नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "एवढ्या उसाच्या गाड्या कारखान्याला घातल्या. एका तरी उसानं कधी अर्ज लिहिलाय काय रे?"

मी हसलो. पण दादा हसण्यावारी नेत नव्हता. दरवर्षी आमच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, शेतकरी नेते राजू शेट्टी पहिल्या उचलीचा आकडा सांगतात आणि दादा तो ऐकून घरी येऊन दोन भाकरी जास्त खातो. त्याला उसाचा कायदा तोंडपाठ आहे. त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला 355 रुपये, सव्वादहा टक्के रिकव्हरीला, म्हणजे साखरेच्या उताऱ्याला. रिकव्हरी वाढली तर दर वाढतो. चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला 15 टक्के व्याज.

"आणि साडेनऊच्या खाली रिकव्हरी गेली तर?" मी मुद्दाम विचारलं.

"तरीबी 329 रुपये पाच पैसे. त्याच्या खाली उतरायचंच न्हाई. सरकारनंच सांगितलंय." आणि पोराकडं बघून म्हणाला, "ह्याला प्रथम वर्ग हाय. ह्याची एफआरपी किती?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही. पोराला पुण्यात पहिला पगार अठरा हजार होता आणि तेवढ्यात भाडं, मेस आणि इस्त्री जाऊन बाप दर महिन्याला घरचं तांदूळ-जोंधळं पाठवत होता. म्हणजे उसाच्या भावात इंजिनिअर पोसला जात होता. साखर उद्योगालाही एवढं अनुदान कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

मग दादानं बायोडाटा हातात घेतला आणि शेतकी खात्याच्या नजरेनं तपासला. 2021 साली पदवी आणि 2022 ला नोकरी, मध्ये वर्ष मोकळं. सगळे मुलाखतवाले तिथंच बोट ठेवतात. पोरगं 2017 ला कॉलेजात गेलं. 2019 ला महापूर, 2020 ला कोरोना, 2021 च्या जुलैत निकालाच्या तोंडावर पुन्हा महापूर. शिरोळ तालुक्यात त्या चार वर्षांत जो सरळ रेषेत शिकला त्याचा सत्कार करायला हवा. पण बायोडाट्यात महापुराला रकाना नाही. पोरानं तिथं 'स्वयं-विकास' असं काहीतरी घातलं होतं. दादा म्हणाला, "सरळ लिही की, खोडवा हाय म्हणून. खोडव्याला कोण नाव ठेवतंय?"

2019 ला ह्याच पोरानं दोन दिवस काहिलीतून माणसं आणि शेरडं बाहेर काढली होती. काहील म्हणजे गुळाची कढई, चांगली रुंद, पाण्यावर ताटासारखी फिरते. तिला सुकाणू नसतं, ब्रेक नसतो, आणि आत बसलेली म्हातारी उभी राहायला बघते. पोराच्या बायोडाट्यात हे कुठंच नव्हतं. त्याच्याऐवजी कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये पाण्याच्या बाटल्या मोजल्या होत्या, ते 'लॉजिस्टिक्स प्रमुख' म्हणून होतं. मी काहिलीचं सुचवलं. "काका, काहील ही स्किल मशीनला कळत न्हाई," पोरगं म्हणालं.

इथं मशीनचा खुलासा करायला हवा. हल्ली मोठ्या कंपन्यांत बायोडाटा आधी सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द त्यात सापडले तर पुढं ढकलतं, नाहीतर तिथंच पाचट. म्हणून पोरं दुसऱ्या मशीनकडून बायोडाटा लिहून घेतात. म्हणजे लिहितं मशीन, वाचतं मशीन, आणि मध्ये पोरगं नुसतं वाहतुकीला. आमच्या गल्लीतल्या चौघांनी एकाच रात्री एआयकडून बायोडाटे करून घेतले. चौघेही 'आव्हानांवर प्रेम करणारे' आणि 'परिणामकेंद्री' निघाले. त्यातला एक तर सकाळी दहाच्या आत उठत नाही.

हे मशीन म्हणजे पोरांचा वजनकाटाच. पण काटा म्हटला की काटामारी आलीच. उसाच्या काट्यावर वजन कमी दाखवतात अशी आमच्या भागातली जुनी तक्रार. बायोडाट्याचा काटा उलट्या अंगानं मारलेला असतो, इथं ऊस स्वतःच आपलं वजन लिहितो. त्यामुळं घेणाराही चार टन वाचलं की दोन धरतो, आणि ज्यानं खरे दोन लिहिले त्याचा एक होतो.

सरकारी काट्याची तऱ्हा वेगळी. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर थोड्या जागा आणि दहा लाखांवर अर्ज. खुल्या गटाला शुल्क 1000 रुपये, मागासवर्गीयांना 900. 2024 च्या पोलीस भरतीला 17,471 जागा, अर्ज सतरा लाखांच्या पुढं. दादा म्हणतो, कारखान्यानं ऊस न नेता नुसते नोंदीचे हजार रुपये घेतले असते तर चेअरमनला गाव सोडावं लागलं असतं. 2023 च्याच सप्टेंबरात सरकारनं नऊ खासगी कंपन्यांकडून कंत्राटी माणसं घ्यायचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतला. एवढ्या झटपट नोकरी आली आणि गेली की बायोडाट्याची शाई वाळायलाही वेळ मिळाला नाही. पुढं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार, मुदत सहा महिने. नंतर आणखी पाच महिने वाढवून दिले. अकरा महिन्यांत प्रशिक्षण पुरं होतं, मग कामाचा प्रश्न पुन्हा कोरा. अकरा महिन्यांचा करार आम्ही आजवर फक्त भाडेकरूशी करत होतो.

मध्यंतरी एका कंपनीचं पत्र आलं. वर्षाला साडेचार लाख, पण त्यातले सव्वा लाख 'व्हेरिएबल', म्हणजे वर्ष संपल्यावर कंपनीची आणि साहेबाची मर्जी असेल तर. दादानं ते दोनदा वाचून घेतलं. "हे तर एफआरपीचे दोन तुकडे झाले," तो म्हणाला. "2022 ला सरकारनं तसाच जीआर काढला होता, पहिला हप्ता आता, दुसरा रिकव्हरी बघून. शेट्टी हायकोर्टात गेलं आणि मार्च 2025 ला कोर्टानं तो रद्द केला. तू बी जा की कोर्टात."

"आप्पा, कोर्टात गेलो तर नोकरी कोण देईल?"

"मग परिषद घ्या. मैदान काय एका उसाचंच हाय व्हय?"

मी परिषदेचं चित्र डोळ्यांपुढं आणून बघितलं. लाखभर बेरोजगार विक्रमसिंह मैदानावर, 'पहिली उचल एकरकमी मिळालीच पाहिजे', मागणी मान्य होईपर्यंत एकही बायोडाटा बाहेर जाऊ द्यायचा नाही, अंकलीच्या पुलावर ईमेल अडवायचे. अडचण एवढीच, की ऊस अडवला तर कारखान्याचं गाळप थांबतं. आमची पोरं अडवली तर कंपनीला पत्ता लागायला तिमाही अहवाल यावा लागेल. शिवाय उसाला तुरा आला आणि तोड लांबली की वजन घटतं म्हणून शेतकरी धास्तावतो. पोरांना तिशीत तुरा आला तर त्याची धास्ती घरात फक्त आई घेते. तीही बायोडाट्याच्या दुसऱ्या फोल्डरसाठी.

शेवटी पोराला काम लागलं. बायोडाटा न देता लागलं. पाहुण्यांच्या पाहुण्यानं एका संचालकांना फोन केला आणि पोरगं हंगामापुरतं चिटबॉय झालं. उसाच्या नोंदी बघायच्या, क्रमपाळी लावायची, तोडीची चिट द्यायची. मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल कारखान्याचं. गळ्यात ओळखपत्र आहे. त्यावरचा फोटो बायोडाट्यातलाच, तेवढी मेहनत वाया गेली नाही.

गंमत अशी, की दादाच्या मळीचा भाग त्याच्याकडंच आला. आडसाली ऊस सोळा महिने होऊन गेला तरी तोडणीची टोळी नाही. वाहनवाला 'एंट्री'चे पैसे आधी मागतोय, टोळीला खुशाली वेगळी. परवा दादा सकाळी जेवणाच्या ताटावरच पोराला म्हणाला, "लेका, आपल्या तोडीचं बघ की. उसाला तुरा आलाय."

पोरानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि शांतपणे म्हणालं, "आप्पा, तुमची नोंद आमच्याकडं हाय. क्रमपाळीत बसलं की कळवू."