उत्सवमूर्तीस खुले पत्र

चि. उत्सवमूर्ती (वय वर्षे १ पूर्ण) हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

विषय : प्रथम वाढदिवस, त्याचे स्वरूप आणि त्यात उत्सवमूर्तीचा सहभाग.

वाढदिवस म्हणजे मुलाच्या आयुष्याचे एक वर्ष पुरे झाल्याचा दिवस. मराठीत मूल वाढते, पान वाढतात आणि नारळ वाढवतात. पूर्वीच्या वाढदिवसाला यांतले पहिले दोन अर्थ पुरत. हल्ली तिसराही लागू झाला असून वाढवला जाणारा नारळ म्हणजे घरचे अंदाजपत्रक.

हा दिवस साजरा करण्याची कल्पना परकी आहे, ही समजूत खरी नाही. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० साली रचलेल्या 'धर्मसिंधू'त वाढदिवसाच्या विधीला वर्धापन म्हटले आहे. तो पहिल्या वर्षी दर महिन्याच्या जन्मतिथीला आणि पुढे दरवर्षी करायचा असतो. त्यामुळे दर महिन्याला डाळींचे नाहीतर फुलांचे आकडे मांडून मध्ये बाळ निजवणाऱ्या मातांवर नव्या खुळाचा आरोप टिकत नाही. खूळ जुनेच आहे, फोटो तेवढा नवा. या विधीत मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम हे सात चिरंजीव यांचे पूजन होते आणि तीळ-गूळ घातलेले दूध प्यायचे असते. म्हणजे हे आठ पाहुणे, आणि त्यांतला एकही जेवायला थांबणारा नाही. अश्वत्थाम्याने फार तर तेल मागितले असते.

मधल्या काळात महाराष्ट्रातील असंख्य माणसांचे वाढदिवस १ जूनला येऊ लागले. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी वर्षाचा अंदाज घेऊन ही तारीख लिहून टाकत. उत्सवमूर्तीच्या आजोबांची तारीख त्यांतलीच आहे. त्या दिवशी त्यांना आजवर कोणी ओवाळलेले नाही, आणि तारीख आपली नव्हेच, म्हणून त्यांनीही तक्रार केलेली नाही.

केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकातील जर्मनीत आढळते. केक कापताना म्हटले जाणारे इंग्रजी गाणे मुळात वाढदिवसाचे नव्हतेच. त्याची चाल अमेरिकेतील हिल भगिनींच्या, बालवर्गात सकाळी म्हणायच्या गाण्याची असून ते १८९३ साली छापले गेले. रबरी फुगा मायकेल फॅरडेने १८२४ साली लंडनमध्ये बनवला, तोही हायड्रोजनवरील प्रयोगांसाठी. ज्योत फुंकून उत्सव करण्याची कल्पना मराठी घरात अजून पुरती रुजलेली नाही. आजी त्या क्षणी खिडकीबाहेर पाहते.

विद्यमान प्रथम वाढदिवस हॉलमध्ये होतो. दाराशी फुग्यांची कमान आणि तिच्या बाजूला उत्सवमूर्तीचे पुरुषभर उंचीचे कटआउट असते. एवढी प्रतिमा एरवी नेत्याच्या वाढदिवशी चौकात लागते. कार्यक्रमाला थीम लागते. जंगल, समुद्र आणि अंतराळ या चालू थीम होत. जंगलातले वाघ फायबरचे, वेली कापडाच्या आणि गवत असे की उत्सवमूर्ती त्यावर रांगली तर गुडघे सोलतील. निवेदक नावाचा गृहस्थ माइकवरून 'आवाज येत नाही' असे बजावत असतो आणि स्पीकरजवळची उत्सवमूर्ती दर वाक्याला दचकते. वेळ साडेसातची, तिची झोपही साडेसातची. आत्याची गाडी वाहतुकीत अडकल्याने केक साडेनवाला कापला जातो. सुरी बाबांच्या मुठीत, उत्सवमूर्तीची मूठ त्या मुठीत आणि बाबांची नजर कॅमेऱ्यात, अशी या विधीची मुद्रा आहे. उत्सवमूर्ती रडते. निवेदक टाळ्या मागतो. त्यानंतर निमंत्रित जेवणाच्या रांगेकडे वळतात आणि जाताना प्रत्येक मुलाला रिटर्न गिफ्ट मिळते. हा बहुधा पेन्सिलचा डबा असतो. आहेराच्या साडीप्रमाणे तोही घरोघर फिरतो आणि क्वचित मूळ गावी परततो.

या सोहळ्याच्या सामानाची यादी केंद्र सरकारनेही केली आहे, मात्र बंदीसाठी. १ जुलै २०२२पासून लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरील बंदीत फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्मोकोल, ताटल्या, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यांवरील आणि निमंत्रणपत्रिकांवरील पातळ वेष्टन, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांची नावे आहेत. यादी करणारा अधिकारी नुकताच कोणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाहून परतला असावा. फुगा त्यात नाही, पण तो निरुपद्रवी आहे असेही नाही. फुटलेल्या रबराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो आणि हायड्रोजन भरलेला फुगा मेणबत्तीजवळ पेट घेतो. अमेरिकेत आठ वर्षांखालील मुलांसाठीचा इशारा फुग्यांच्या पाकिटावर छापावाच लागतो.

निमंत्रणावर 'अविस्मरणीय' हे विशेषण असते. ते उत्सवमूर्तीला लागू नाही. माणसाला मोठेपणी तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे प्रसंग सहसा आठवत नाहीत. मानसशास्त्रात याला बालविस्मृती म्हणतात. पहिला वाढदिवस तिला पुढे आठवेल तो अल्बममधला, म्हणजे छायाचित्रकाराने पाहिलेला. चौथ्या-पाचव्या वर्षापासूनचे जे टिकते तेही बहुधा दरवर्षी त्याच रीतीने घडलेले असते : तोच पाट, तीच वाटी, त्याच माणसाने केलेला तोच शिरा. थीम दरवर्षी बदलते, म्हणून तिची रीत होत नाही. या अर्थाने साधेपणा ही काटकसर नव्हे. ते लहान मुलाचे माप आहे, आणि हॉल त्या मापाला फार सैल पडतो.

हे माप मराठी घराला ठाऊक होते याचा पुरावा म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, ओवाळतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या ओततात. भोवतालची मुले तो खाऊ लुटतात. यात निवेदक नाही, कारण कोणी कोणाचे ऐकण्याच्या स्थितीत नसते. सारा समारंभ जमिनीवर, म्हणजे मुलांच्या उंचीवर होतो. तो पाऊण तासात आटोपतो आणि केर काढला की संपतो. रिटर्न गिफ्ट ज्याने त्याने आपल्या हाताने उचललेले असते. फक्त बोराची बी, उसाचा करवा, घाटा आणि रेवडी वर्षाच्या मुलाच्या घशाला धोक्याचे असल्याने त्या वयात चुरमुऱ्यांवर भागवावे आणि तेही नजरेखाली.

वाढदिवसाला हीच रीत चालते. वेळ सकाळची, झोप झाल्यानंतरची. बोलवायची माणसे तीच, ज्यांच्या कडेवर उत्सवमूर्ती न रडता जाते. ती साधारण पाच-सहा भरतात आणि बाकीच्यांना पेढे पोचवता येतात. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. ही सामग्री घरात असतेच, फक्त निरांजन उत्सवमूर्तीच्या हातापासून लांब ठेवावे लागते. शिरा आजीने करायचा. आजोबांनी दाराच्या चौकटीशी तिला उभे धरून डोक्याच्या उंचीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. चौकट दर दिवाळीला रंगवणाऱ्यांनी तेवढी वीतभर जागा सोडावी. भेटवस्तू आलीच तर उत्सवमूर्ती खेळणे बाजूला सारून खोक्याशी खेळेल. त्याबद्दल देणाऱ्याने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

प्रस्तुत पत्र उत्सवमूर्तीने वाचण्यापूर्वी चघळल्यास मजकूर आई-बाबांना तोंडी सांगावा.

कळावे, लोभ असावा.

टेबल क्र. ९ वरील एक निमंत्रित

ता. क. — हॉलची आगाऊ रक्कम परत मिळत नाही, तारीख मात्र बदलून मिळते. आजोबांना यंदा पंचाहत्तर पुरी होतात. १ जून रिकामी आहे.