चार गुणांचं जंगल

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं देशाचा एक तृतीयांश भाग झाडांखाली असावा, असं सांगितलं होतं. लातूरनं त्यातला ‘एक’ तेवढा मनावर घेतला आणि तोही अजून गाठायचा राहिलाय. शेजारच्या नांदेडची गोष्ट वेगळी. तिथं किनवट-माहूरकडं बऱ्यापैकी जंगल आहे. पण नांदेडकर ते कुणाला सांगत नाही, कारण त्यानं स्वतःच बघितलेलं नसतं.

यावरून आम्हाला जंगलाची हौस नाही, असा अर्थ कुणी काढू नये. जुलै लागला की दोन्ही शहरांतून गाड्या भरून सुटतात. ठिकाण आंबोली. जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते : ‘वर्षा सहल, धबधबा, गाइडसह अर्ध्या दिवसाची जंगल भटकंती, चहा-नाश्ता-जेवण आमच्याकडे, लहान मुलांना अर्धं तिकीट.’ जाणारी एक रात्र, येणारी एक रात्र आणि मधे अरण्याला अर्धा दिवस. उरलेला अर्धा दिवस धबधब्याला आणि भज्यांना. नियोजनात आम्हाला तोड नाही.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूरची सरासरी आठशेच्या आतबाहेर. म्हणजे लातूरनं आठ-नऊ वर्षं राखून ठेवावा तेवढा पाऊस तिथं एका हंगामात कोसळून मोकळा होतो. बसमधून उतरल्या उतरल्या आमची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : “अन्‌ एवढं पाणी हे लोक करतेत काय?”

गाइड तिथलाच पोरगा. पायात गमबूट, हातात काठी, खिशात तंबाखूची पुडी. ती खायला नाही, जळवांना लावायला. तो आधी तीन नियम सांगतो. मोठ्यानं बोलायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. वाट सोडून जायचं नाही. पहिल्याच नियमाला अर्धी बस बाद होते. आमच्याकडं कुणी हळू बोलायला लागलं तर घरचे विचारतात, “बरं नाही का तुम्हाला?”

दुसरा नियम पाळणं त्याहून अवघड. झाडापुढं उभं राहून नुसतं बघायचं, ही सवयच नाही. एक काका एका जाडजूड जांभळाला कवेत घेतात आणि मनातल्या मनात घनफूट काढतात. “सागवान दिसंना हो इकडं,” असं म्हणून ते त्या अख्ख्या डोंगराला नापास करून टाकतात. प्लॉटिंगच्या धंद्यातले एक पाहुणे धुक्याकडं तोंड करून विचारतात, “हे एनए होईल का?” तिसरे एक जण दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारतात, “गाइडभाऊ, वाघ कवा दाखवायलाव?”

गाइडभाऊ वाघ दाखवत नाही. तो एक बेडूक दाखवतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, ओल्या कातळाच्या रंगाचा. हा आंबोली टोड, जगात फक्त याच परिसरात सापडतो, असं तो सांगतो. सगळे वाकून बघतात. “येवढाच?” असा एक आवाज येतो. जगात दुसरीकडं कुठंही नसलेला जीव समोर बसलाय आणि आमची तक्रार त्याच्या आकाराबद्दल आहे.

पुढं कारवीच्या झुडपात, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, चापडा बसलेला असतो. विषारी साप. अंगावर हिरव्या-तपकिरी नक्षीचे ठिपके, डोकं त्रिकोणी, हालचाल शून्य. तो एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो, भक्ष्य जवळ यायची वाट बघत. मराठवाड्यातल्या एखाद्या कार्यालयात तो लगेच कायम झाला असता. गाइडनं काठी रोखून दाखवल्यावरही निम्म्या लोकांना तो दिसत नाही, आणि ज्यांना दिसतो ते त्याच्याकडं पाठ करून सेल्फी काढतात.

या सगळ्या मंडळींत एक मुलगी असते. अकरावी-बारावीचा गणवेश नुकताच सुटलेला, डोळ्यांखाली काळं. ट्यूशन एरियातली. लातूर पॅटर्ननं घडवलेली, ‘नीट’ची तयारी केलेली. अरण्याबद्दल विचारा, ती धडाधड सांगते : ॲमेझॉनच्या वर्षावनात ४०,००० हून अधिक जातींच्या वनस्पती, ३,००० मासे, १,३०० पक्षी, ४२७ सस्तन प्राणी, ४२७ उभयचर, ३७८ सरपटणारे प्राणी. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातला परिच्छेद, स्वल्पविरामांसकट. सस्तन आणि उभयचर दोन्ही ४२७ कसे, हे तिला कधी विचारावंसं वाटलेलं नाही. विचारणाऱ्याचा वेळ जातो, पाठ करणाऱ्याचे चार गुण येतात.

तेवढ्यात तिच्या बुटावरून जळू चढते. पुढचं तोंड टेकवायचं, मागचं ओढून घ्यायचं, पुन्हा पुढचं टेकवायचं. कापड दुकानातला माणूस गजानं कापड मोजतो तशी ती पाय मोजत वर येते. चावलेलं कळत नाही. कळतं ते नंतर, मोज्यावर लाल डाग पसरला की. पोरगी किंचाळते, पण किंचाळतानाही पॅटर्न सोडत नाही. “ॲनेलिडा! हिरुडिनारिया! हिरुडिनमुळं रक्त गोठत नाही!”

गाइड शांतपणे तंबाखूचं बोट लावतो, जळू गळून पडते. मग तो म्हणतो, “ताई, पुस्तकातली ती पाण्यातली जळू. ही जमिनीवरची. हिचं नाव हीमाडिप्सा.”

“सिलॅबसमध्ये नाही,” ती म्हणते आणि पाय पुसते.

त्या पोरीला हसण्यात अर्थ नाही. दोन वर्षं तिनं हॉस्टेलची खोली, क्लासची खोली आणि मेसची खोली एवढंच जग बघितलं. ज्या जिल्ह्यात झाडाखाली बसायला झाड शोधावं लागतं, त्या जिल्ह्यानं जीवशास्त्राचा एवढा मोठा कारखाना चालवावा, याला जिद्द म्हणतात. नांदेडही आता त्याच वाटेनं निघालंय. दोन्ही शहरांतल्या फ्लेक्सवर जीवशास्त्रात ३६० पैकी ३५५ मिळवणारी पोरं झळकतात. फ्लेक्स बांधायला मात्र झाड मिळत नाही, विजेचा खांब बघावा लागतो.

आता थोडं मिरजेबद्दल. आंबोलीला जाताना गाडी सोलापूर ओलांडून मिरजेवरून कोल्हापूरकडं निघते. पहाटे तिथं चहाला थांबते. चहा पिताना कुणालाही आठवत नाही की एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेहून लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं. ‘जलदूत’ नाव होतं गाडीचं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. स्टेशनवर गाडीचं स्वागत करायला पुढाऱ्यांची गर्दी होती, घागरी घेतलेल्यांपेक्षा जरा जास्तच.

ते पाणी कृष्णेचं. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा. तिन्ही नद्यांच्या डोक्यावर सह्याद्रीचं दाट रान आहे. कोयना आणि चांदोलीचं रान मिळून तर २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ढग अडवतो डोंगर, हे खरं. आपण डोंगराच्या पलीकडं पर्जन्यछायेत जन्माला आलो, हा काही कुणाचा गुन्हा नाही. पण पडलेला पाऊस पालापाचोळ्यात मुरवायचा, मुळांपाशी धरून ठेवायचा आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यातून थोडा थोडा सोडायचा, हे काम रान करतं. आमची मांजरा बीडकडच्या बालाघाटात उगवते. वर उघडे माळ, खाली ऊस. पाऊस आला की माती घेऊन पळतो, आणि जो थांबतो तो उसाला जातो.

म्हणजे ज्या रानाला आपण अर्ध्या दिवसाचं तिकीट काढून बघायला जातो, तशाच रानाचं पाणी लातूरकर २०१६ मध्ये हंड्यानं प्यायलाय. तेव्हा गाइड नव्हता, म्हणून कुणी समजावून सांगितलं नाही.

त्याच वर्षी १ जुलैला राज्यात २ कोटी झाडं लावायचा मुहूर्त झाला. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. आकडा तिथं थांबला, कारण त्यापुढं देवसुद्धा मोजलेले नाहीत. लावताना मोजली, जगलेली मोजायला फारसं कुणी वाकलं नाही. खड्डा मात्र चिवट. गेल्या वर्षीचा खड्डा यंदाही कामाला येतो, फोटोत साहेब तेवढे बदलतात. लातुरात पहाटे उठून, स्वतःच्या खिशातून टँकर आणून रस्त्याकडेची झाडं जगवणारी माणसं आहेत. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण शहराची जंगलाची गरज पहाटेच्या चार माणसांवर टाकून बाकीच्यांनी आंबोलीला जाऊन भजी खावीत, ही वाटणी काही बरी नाही.

आणि घरचं जंगल? ते आहे. नांदेडहून आदिलाबादकडं जाणारी रेल्वे किनवटला थांबते. ते वर्षावन नाही, पानगळीचं रान आहे. उन्हाळ्यात उघडंबोडकं, पळस पेटलेला, मोहाच्या फुलांचा सडा. आणि जुलै लागला की सागाच्या पानांचं छप्पर असं जुळतं की खालची वाट दिसत नाही. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. गोंड, कोलाम, आंध, परधान लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात राहतात. कोणत्या झाडाची साल कशावर चालते आणि कोणत्या ओढ्याला कधी पाणी येतं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. त्यांच्याइतका गाइड आंबोलीतही मिळायचा नाही.

पण नांदेडकराला किनवट माहीत आहे ते दोन कारणांनी. एक, बदली. किनवट-माहूरला बदली झाली की घरात सुतक पडतं आणि रद्द करायला कुणाचा फोन लागेल याचा शोध सुरू होतो. दुसरं, दरवाजे. ‘किनवटचं सागवान आहे,’ असं चौकटीवर टिचकी मारून सांगणाऱ्या घरांत शहराचा एक मोठा भाग मोडतो. सागवानाच्या चोरीच्या बातम्या याच घरांत, याच दरवाजाआड बसून, चहाबरोबर वाचल्या जातात.

वाघ कवा दाखवायलाव, असं विचारणाऱ्या पाहुण्यांसाठी एक माहिती. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट नकाशावर उमटली. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असं करत, तेराशेच्या वर किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वनखात्यानं त्याला ‘वॉकर’ म्हटलं. गाइड नाही, बुकिंग नाही, नाश्ता समाविष्ट नाही. शेतं, कालवे, हायवे, उसाचे फड ओलांडत तो बहुतेक रात्रीचा चालला. त्याला नांदेड जिल्हा दिसला. जिल्ह्याला तो दिसला नाही. जिल्हा तेव्हा आंबोलीचे फोटो लाइक करत होता.

लातूरलाही अगदीच कोरडं समजू नका. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ ‘संजीवनी बेट’ नावाचा डोंगर आहे. मारुतीराया द्रोणागिरी घेऊन चालला होता, त्याचा एक तुकडा इथं पडला, अशी आख्यायिका. उत्तरा नक्षत्रात लोक लांबून येतात, जाणत्या माणसाच्या मागं मागं डोंगर चढतात आणि वनौषधींचा पाला खातात. गाइडसह अर्ध्या दिवसाची जंगल भटकंती यालाच म्हणतात, फक्त पॅकेज नाही. लातूरकराला इवलंसं रान मिळालं, तर त्यानं ते देवाचं म्हणून राखलं आणि औषध म्हणून चावूनही बघितलं. दोन्ही प्रेमाचेच प्रकार.

आणि येळवस? वेळ अमावस्येला अख्खं लातूर शहर ओस पडतं. जो तो आपल्या, नाहीतर दुसऱ्याच्या रानात जाऊन कोपीपाशी बसतो. भज्जी, उंडे, आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवतात. निसर्गात कसं जायचं हे ज्यांना एवढं छान येतं, त्यांना काकांच्या घनफुटाचा आणि पाहुण्यांच्या एनएचा रोग कुठून लागला, हे संशोधनाचं काम आहे. अडचण एवढीच की येळवशीला सावली धरायला बांधावर जे एखादं झाड असतं, ते पुढच्या येळवशीपर्यंत असेल याची खात्री नसते. बांधावरच्या झाडामुळं पिकाला सावली लागते ना!

किनवटची अर्ध्या दिवसाची सहल आमच्याकडं चालायची नाही, याची कारणं उघड आहेत. जवळ आहे, स्वस्त आहे आणि परत आल्यावर सोसायटीत सांगायला काही उरत नाही. जे फुकट दिसतं त्याला आम्ही लाकूड म्हणतो, ज्याची पावती मिळते त्याला निसर्ग. तेव्हा सहलवाल्यांना एक व्यावसायिक सल्ला. किनवटच्या जंगलाला भक्कम तिकीट लावा. रानातल्याच एखाद्या कोलाम आजोबांना गाइड करा, तिकिटातला मोठा वाटा त्यांना द्या. चार नियम जास्तीचे सांगा. आणि बस मुद्दाम मिरजेवरून फिरवून न्या.